एकच कार्यक्रम, चार वेबसाइट: मूळ नोंद कुणाकडे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नाशिकमधली नाटकं, व्याख्यानं, मैफली आणि भटकंतीचे कार्यक्रम यांची एकत्रित यादी तुम्ही एका वेबसाइटवर देता. एक वाचनालय, दोन नाट्यसंस्था आणि एक गिर्यारोहण गट यांच्या स्वतःच्या साइट आहेत. त्यांच्या साइटवरून आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या पोस्टरवरून तुम्ही नोंदी हाताने उतरवून घेता. वाचनालयाच्या व्याख्यानमालेचं थेट प्रक्षेपण होतं, म्हणून परदेशातल्या एका महाराष्ट्र मंडळालाही ती यादी आपल्या साइटवर हवी आहे. तेव्हा आयसीएस (कॅलेंडरची फाइल) वापरावं, आरएसएस (साइटवरच्या नव्या मजकुराची आपोआप बनणारी यादी) वापरावं की जेसनचा एपीआय (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडून थेट माहिती मागण्याची सोय; जेसन ही माहिती लिहायची एक पद्धत) बांधावा, आणि संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना हे पटवायचं कसं, असं तुम्ही विचारलंय. शेवटी जाता जाता एक ओळ लिहिली आहे: मागच्या महिन्यात एक प्रयोग पुढे ढकलला गेला, तुमच्याकडे जुनीच तारीख राहिली आणि काही प्रेक्षक नाट्यगृहाच्या दारातून परत गेले.

माझ्या दृष्टीने तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. मी सोळा वर्षं संस्थांच्या वेबसाइट करते. त्यांत वाचनालयं, नाट्यगट, संगीत मंडळं आणि दोन-तीन शहरांच्या कार्यक्रमांच्या याद्याही आल्या. नवा कार्यक्रम एका साइटवरून दुसरीवर पोचवणं कुठल्याही पद्धतीने जमतं, कॉपी-पेस्टनेही जमतं. अवघड असतं ते बदललेली वेळ आणि रद्द झालेला प्रयोग पोचवणं. त्यामुळे कुठला फॉरमॅट हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की या कार्यक्रमाची मूळ नोंद कुणाकडे आहे, आणि बाकीच्यांना ती 'तीच नोंद' आहे हे कशावरून ओळखता येईल.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. चारही संस्थांच्या साइट कोण सांभाळतं, त्यांच्याकडे कार्यक्रम भरायला वेगळा फॉर्म आहे की नुसतं पान टाइप करतात, महिन्याला दहा कार्यक्रम होतात की शंभर, यावर तपशील बदलतील. महिन्याला दहाच असतील आणि भरणारी माणसं तीच असतील, तर एका सामायिक गूगल कॅलेंडरवरही काम भागेल, प्रोग्रॅमिंगची गरज नाही. पण तुमच्याकडे चार साइट आहेत आणि पाचवं मंडळ सातासमुद्रापार आहे. तेव्हा थोडी शिस्त लावून घेणं फायद्याचं आहे.

फॉरमॅटचं उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं मोकळेपणाने बोलता येईल. संस्थांनी आयसीएस फाइल द्यावी, आणि तीच माहिती प्रत्येक कार्यक्रमाच्या पानात स्कीमा डॉट ऑर्ग या सामायिक शब्दसंग्रहाच्या 'इव्हेंट' प्रकारात, जेसन-एलडी म्हणून (पानात दडलेली, प्रोग्रॅमने वाचायची नोंद) घालावी. आयसीएस म्हणजे आयकॅलेंडर. १९९६ सालच्या व्हीकॅलेंडर या फॉरमॅटवरून १९९८ मध्ये आरएफसी २४४५ आलं (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज) आणि २००९ मध्ये त्याची जागा आरएफसी ५५४५ ने घेतली. इतकं जुनं असल्यामुळे तुमच्या फोनमधलं कॅलेंडर, आउटलुक, गूगल, अ‍ॅपल, सगळ्यांना ते वाचता येतं. म्हणजे दुसऱ्या वेबसाइटसाठी केलेली सोय प्रेक्षकालाही आयती मिळते. स्कीमा डॉट ऑर्ग २०११ मध्ये गूगल, बिंग आणि याहू यांनी मिळून सुरू केलं. सर्च इंजिनांना कार्यक्रमाची तारीख, जागा आणि स्थिती त्यातून कळते.

आरएसएस मी सुचवणार नाही. आरएसएसमधली तारीख असते मजकूर प्रसिद्ध झाल्याची. कार्यक्रम कधी आहे, हे त्याच्या गाभ्यात कुठेच बसत नाही. वाचनालयाने जूनमध्येच दिवाळी पहाटची घोषणा केली, तर आरएसएसच्या यादीत ती जूनमध्ये वर दिसेल आणि ऑक्टोबरपर्यंत कधीच खाली वाहून गेलेली असेल. आणि स्वतःचा एपीआय बांधलात तर तो वाचण्यासाठी प्रत्येक संस्थेला प्रोग्रॅमर शोधावा लागेल. जो आज फुकट मदत करतोय तो दोन वर्षांनी नोकरीसाठी बंगळुरूला गेलेला असतो, आणि त्याने लिहिलेलं कुणालाच उलगडत नाही. मी हे तीनदा पाहिलंय.

आता एक नोंद जवळून पाहू. समजा वाचनालयाचं व्याख्यान शनिवार, १७ जानेवारी २०२६ रोजी सायंकाळी ६.३० वाजता आहे. आयसीएस फाइलमध्ये हा एक 'व्हीइव्हेंट' होतो. त्यात 'यूआयडी' म्हणजे नोंदीची कायमची ओळख, 'डीटीस्टॅम्प' म्हणजे ही नोंद शेवटची कधी दुरुस्त झाली ती वेळ, 'डीटीस्टार्ट' आणि 'डीटीएंड' म्हणजे सुरुवात आणि शेवट, 'समरी' म्हणजे कार्यक्रमाचं नाव, 'लोकेशन' म्हणजे जागा, 'यूआरएल' म्हणजे संस्थेच्या साइटवरचं त्या कार्यक्रमाचं पान, 'स्टेटस' म्हणजे पक्का, अनिश्चित की रद्द, आणि 'सीक्वेन्स' म्हणजे किती वेळा महत्त्वाचा बदल झाला त्याचा आकडा. एवढ्या नऊ ओळी नीट भरल्या की तुमचं ऐंशी टक्के काम झालं असं समजा. बाकीचे गुण, रंग, चित्रं, वर्गवाऱ्या हे सगळं नंतर.

यातली सर्वांत महत्त्वाची ओळ यूआयडीची, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिच्याकडेच होतं. एका शहराच्या यादीत मला एकदा एकच नाट्यप्रयोग अकरा वेळा दिसला. शोधल्यावर कळलं की नाट्यसंस्थेच्या साइटवरचा प्रोग्रॅम फाइल तयार करताना प्रत्येक वेळी नवा यूआयडी बनवत होता. यादीवाली साइट रोज एकदा फाइल घेत होती आणि रोज तिला वाटत होतं की हा वेगळाच प्रयोग आहे. प्रयोगाची वेळ मध्ये एकदा बदलली होती, त्यामुळे अकरांपैकी सहा नोंदी जुन्या वेळेच्या आणि पाच नव्या वेळेच्या. वाचणाऱ्याने कशावर विश्वास ठेवायचा? तेव्हापासून माझा नियम असा: नोंद पहिल्यांदा सेव्ह होते त्या क्षणी यूआयडी बनवायचा, डेटाबेसमध्ये ठेवायचा, आणि मग नाव बदललं, तारीख बदलली, साइटचा पत्ता बदलला तरी त्याला हात लावायचा नाही. शीर्षकावरून किंवा तारखेवरून यूआयडी बनवू नका, कारण बदलतात त्या नेमक्या याच गोष्टी. पूर्वी यूआयडीच्या शेवटी साइटचं नाव जोडत असत. २०१६ च्या आरएफसी ७९८६ मध्ये त्याऐवजी यूयूआयडी, म्हणजे यदृच्छेने बनवलेली लांबलचक ओळख वापरायला सांगितलंय. तुम्ही नव्याने सुरू करताय, तेव्हा तीच वापरा.

आता तुमच्या त्या प्रयोगाकडे येते. बहुतेक संस्था प्रयोग रद्द झाला की पान पुसून टाकतात. त्यांच्या साइटपुरतं ते ठीक दिसतं. पण तुमच्या बाजूने बघा. काल आलेल्या फाइलमध्ये ती नोंद होती, आजच्या फाइलमध्ये नाही. याचा अर्थ प्रयोग रद्द झाला, की फाइलमध्ये फक्त पुढचे तीसच कार्यक्रम देतात म्हणून तो बाहेर पडला, की साइट बिघडून अर्धवट फाइल आली? नसलेल्या गोष्टीवरून कारण कळत नाही. म्हणून रद्द झालेली नोंद पुसायची नाही. तोच यूआयडी ठेवायचा, स्टेटस 'कॅन्सल्ड' करायचा, सीक्वेन्सचा आकडा एकाने वाढवायचा, आणि कार्यक्रमाची मूळ तारीख उलटून जाईपर्यंत ती नोंद फाइलमध्ये राहू द्यायची. शिवाय समरीच्या सुरुवातीलाच 'रद्द:' असा शब्द लिहायचा. कारण काही कॅलेंडर अ‍ॅप स्टेटस बघून नोंद खोडलेली दाखवतात, काही ती लपवतात आणि काही त्याकडे पाहतच नाहीत. शब्द मात्र माणूस वाचतो.

'पुढे ढकलला' या स्थितीची एक अडचण आहे. सार्वजनिक कार्यक्रमासाठी आयकॅलेंडरमध्ये पक्का, अनिश्चित आणि रद्द एवढ्याच तीन स्थिती आहेत. नवी तारीख लगेच कळली असेल तर प्रश्नच नाही: तोच यूआयडी, नवी तारीख, सीक्वेन्स वाढवलेला. ती कळली नसेल तर मी आयसीएसमध्ये नोंद रद्द दाखवते, समरीत 'पुढे ढकलला, नवी तारीख लवकरच' असं लिहिते, आणि तारीख ठरली की तीच नोंद पुन्हा पक्की करते. ती अनिश्चित ठेवून जुनी तारीख तशीच सोडली तर त्या दिवशी कुणीतरी जातंच. जेसन-एलडीमध्ये मात्र 'इव्हेंटपोस्टपोन्ड' ही वेगळी स्थिती आहे, तिथे ती वापरा. मार्च २०२० मध्ये जगभरचे कार्यक्रम एकदम थांबले, तेव्हा स्कीमा डॉट ऑर्गने ऑनलाइन हलवलेल्या कार्यक्रमासाठी वेगळी स्थिती आणली, आणि कार्यक्रम प्रत्यक्ष आहे, ऑनलाइन आहे की दोन्ही, हे सांगायचीही सोय केली. तुमच्या थेट प्रक्षेपित व्याख्यानांना ही शेवटची सोय अगदी चपखल बसते.

हे प्रक्षेपण परदेशातलं मंडळही बघणार आहे, म्हणून वेळेबद्दल सांगते. भारतात वर्षभर एकच वेळ, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे आपल्याकडच्या प्रोग्रॅमरना टाइम झोन लिहायची सवय नसते. फाइलमध्ये नुसतंच १८३०००, म्हणजे सायंकाळचे ६.३०, लिहून सोडलं तर ती 'तरंगती' वेळ होते. जो वाचेल त्याच्या गावचे साडेसहा. मग समजा लंडनच्या मंडळातला माणूस जानेवारीत त्याच्या संध्याकाळी साडेसहाला लिंक उघडतो, तेव्हा नाशिकला मध्यरात्र झालेली असते. यावर दोन उपाय. एक, यूटीसीमध्ये, म्हणजे ग्रिनिचच्या वेळेत लिहा: २०२६०११७, मग टी, मग १३००००, शेवटी झेड. दुसरा, 'एशिया/कोलकाता' हा झोन सांगून १८३००० लिहा आणि त्या झोनची व्याख्याही फाइलमध्ये द्या. एकेकट्या कार्यक्रमाला मी पहिला वापरते, त्यात चुकायला जागा कमी.

दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी साडेसहाला व्याख्यान असेल तर आणखी एक गंमतशीर वाटणारी पण खरी गोष्ट होते. आपल्याकडे वेळ तीच. जानेवारीत लंडनला ती दुपारी १ आणि न्यूयॉर्कला सकाळी ८ असते. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं पुढे करते, ब्रिटन शेवटच्या रविवारी. म्हणजे मार्चच्या तिसऱ्या शनिवारी न्यूयॉर्कला ९ वाजलेले असतात आणि लंडनला अजून १ च. एप्रिलमध्ये लंडनला २ होतात. मंडळाच्या स्वयंसेवकाने पोस्टरवर हाताने 'दुपारी १' असं वर्षभरासाठी छापलं तर अर्ध्या वर्षाची वेळ चुकणार. फाइलमध्ये वेळ नीट दिली की हे गणित त्याच्या फोनवर सोडता येतं. म्हणून मंडळाला पोस्टर पाठवू नका, फीडची, म्हणजे सतत ताज्या होणाऱ्या आयसीएस फाइलची, लिंक द्या.

वेळेच्या बाबतीत मराठी पोस्टरांचा आणखी एक त्रास आहे. 'दु. ४', 'सायं. ६.३०', 'रात्रौ ९.३०' इथपर्यंत ठीक. पण 'शनिवारी रात्री १२.३०' म्हणजे कॅलेंडरच्या हिशोबाने रविवार उजाडलेला असतो. जागरण-गोंधळ किंवा रात्रभराच्या मैफलीत ही चूक हमखास होते. नोंद भरणाऱ्याच्या फॉर्ममध्ये तारीख निवडली की शेजारी वार आपोआप दिसेल अशी सोय करा. माणसाला तारीख चुकलेली कळत नाही, वार चुकलेला लगेच कळतो.

दिवसभराच्या कार्यक्रमांबद्दल एक सूचना, ही मी चूक करून शिकले. एका पुस्तक प्रदर्शनाच्या तारखा १ ते ३ मे होत्या. मी डीटीएंडमध्ये ३ मे लिहिलं. फोनवर पाहिलं तर प्रदर्शन दोनच दिवसांचं. नियम असा आहे की वेळ न देता नुसती तारीख लिहिली तर डीटीएंड म्हणजे कार्यक्रम संपल्यानंतरचा पहिला दिवस. म्हणजे तिथे ४ मे लिहायला हवं होतं. शेवटच्या दिवशी सवलतीच्या दरात विक्री होती, आणि तोच दिवस यादीतून गायब झाला होता. आजही नवीन साइट हातात घेतली की मी सर्वांत आधी तीन दिवसांचा कार्यक्रम भरून बघते.

आता देवनागरीचे प्रश्न, जे इंग्रजी मदतपानांवर तुम्हाला सापडणार नाहीत. आयसीएसच्या नियमाप्रमाणे एक ओळ ७५ बाइटपेक्षा (बाइट म्हणजे मजकूर साठवण्याचं एकक) लांब नसावी. लांब झाली तर तोडायची आणि पुढची ओळ एका मोकळ्या जागेने सुरू करायची. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन. 'नाट्यगृह' हा शब्द घ्या: न, काना, ट, हलन्त, य, ग, ऋकार, ह. आठ चिन्हं, चोवीस बाइट. असे तीन शब्द झाले की ओळ संपलीच. त्यामुळे मराठी नोंदीत ओळ तोडण्याची वेळ जवळजवळ दर वेळी येते. प्रोग्रॅमने बाइट मोजून मधूनच तोडलं तर एखाद्या चिन्हाचे तीन बाइट दोन ओळींत विभागले जातात, आणि काही वाचक-प्रोग्रॅम ते पुन्हा नीट जोडत नाहीत. मग 'नाट्यगृह'च्या मधोमध चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसतं. अशी तक्रार आली की लोक फॉन्ट तपासत बसतात, आणि दोष असतो ओळ तोडण्यात. चिन्हाच्या सीमेवरच तोडणारी तयार लायब्ररी, म्हणजे आयता प्रोग्रॅम-संच वापरा, हाताने लिहू नका.

दुसरं म्हणजे स्वल्पविराम. पत्त्यात 'नाट्यगृह, रस्ता, नाशिक' असे स्वल्पविराम येतात. आयसीएसमध्ये मजकुरातल्या स्वल्पविरामाच्या आणि अर्धविरामाच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. तिसरं म्हणजे अंक. एका साइटवर सगळे आकडे मराठीत दाखवणारा फिल्टर संपूर्ण साइटला लावलेला होता. पानांवर छान दिसत होतं. पण तोच फिल्टर आयसीएस फाइललाही लागला आणि तारखा देवनागरी अंकांत गेल्या. एकाही कॅलेंडरने ती फाइल स्वीकारली नाही, आणि संस्थेला महिनाभर पत्ताच नव्हता. फाइलमधल्या तारखा नेहमी इंग्रजी अंकांतच (0 ते 9) हव्यात. नाव, वर्णन आणि पत्ता मात्र बिनधास्त मराठीत लिहा. इंग्रजीत लिहिलं तरच चालतं हा गैरसमज अजूनही पुष्कळ ठिकाणी भेटतो, आणि त्यापायी 'Saturday lecture' छापाची रूक्ष नावं यादीत येतात, असं मराठी साइटवर तरी होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

पुन्हापुन्हा होणाऱ्या कार्यक्रमांसाठी आयकॅलेंडरमध्ये 'आररूल' आहे. 'दर महिन्याचा तिसरा शनिवार' हे एका ओळीत सांगता येतं. पण एखादा शनिवार सणाचा निघाला, एखाद्या वेळी वक्ते आजारी पडले, की अपवाद लिहावे लागतात, आणि अपवाद सगळेच प्रोग्रॅम नीट वाचतात असं नाही. व्याख्यानमालेत तर दर वेळी वक्ता आणि विषयही वेगळा. तेव्हा प्रत्येक व्याख्यानाची स्वतंत्र नोंद करा. तिथीवर चालणाऱ्या कार्यक्रमांना आररूलचा उपयोगच नाही. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. २०१५ च्या आरएफसी ७५२९ ने इतर कालगणनांसाठी सोय केली, पण तिच्या यादीतलं भारतीय कॅलेंडर म्हणजे १९५७ पासून सरकारी कामात असलेलं शक कॅलेंडर, आणि ते सौर आहे. अधिक मास धरणारं आपलं पंचांग त्यात नाही. कोजागरीची मैफल दर वर्षी पंचांग बघून हातानेच भरायची.

आता तुमच्या बाजूचं, म्हणजे गोळा करणाऱ्या साइटचं काम. माझे काही पक्के नियम आहेत. आलेल्या नोंदीचा यूआयडी जसाच्या तसा ठेवायचा आणि ती कुठून आली ते सोबत साठवायचं. आपल्या साइटवर त्या नोंदीत दुरुस्ती करायची नाही. चूक दिसली तर संस्थेला फोन करून मूळ ठिकाणी दुरुस्त करून घ्यायची, नाहीतर दुसऱ्या दिवशी फाइल आली की तुमची दुरुस्ती पुसली जाते. तुमच्या स्वतःच्या फीडमध्ये दुसऱ्यांकडून घेतलेल्या नोंदी द्यायच्या असतील तर मूळ यूआयडीसकट आणि मूळ पानाच्या लिंकसकट द्या. नाट्यसंस्था तुमच्याकडून घेते आणि तुम्ही नाट्यसंस्थेकडून, असं चक्र झालं की एकच नोंद दोन्हीकडे फिरत वाढत जाते. यूआयडी सारखा असेल तर ती तिथल्या तिथे ओळखता येते.

फाइल रिकामी आली किंवा अचानक निम्म्या नोंदी गायब झाल्या, तर काहीही पुसू नका, थांबा आणि स्वतःला इशारा पाठवा. एखादीच पुढच्या तारखेची नोंद गायब झाली तर तिच्यापुढे 'आयोजकांकडे खात्री करा' असं दाखवा. प्रेक्षकाला रिकामी जागा दाखवण्यापेक्षा किंवा चुकीची तारीख ठामपणे दाखवण्यापेक्षा हे प्रामाणिक आहे. फाइल तासातासाने घेतली तरी चालते, पण आधी 'बदललीय का' एवढंच विचारा. सर्व्हर ई-टॅग (फाइलच्या आवृत्तीची खूण) देत असेल तर न बदललेली फाइल पुन्हा उतरवावी लागत नाही, आणि संस्थेच्या स्वस्तातल्या होस्टिंगवर ताण येत नाही.

एका मर्यादेबद्दल स्पष्ट सांगते. लोकांनी फोनमध्ये सबस्क्राइब केलेलं, म्हणजे लिंकने जोडून घेतलेलं कॅलेंडर तुमच्या मर्जीने ताजं होत नाही. किती वेळाने यावं हे सुचवणारा गुण २०१६ पासून आहे, पण अ‍ॅप तो पाळतीलच असं नाही. गूगल कॅलेंडरला बदल उचलायला अनेक तास लागू शकतात. दुपारी ४ ला रद्द झालेला संध्याकाळचा प्रयोग फीडमधून वेळेत पोचणार नाही. त्यासाठी साइटवरची ठळक पट्टी, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि नाट्यगृहाच्या दारावरचा फळा हेच उपाय. आणि फाइल डाउनलोड करून 'इम्पोर्ट' केलेल्या माणसाकडे तर बदल कधीच जात नाही, म्हणून साइटवर बटण 'सबस्क्राइब'चंच ठेवा.

मूळ नोंद संस्थेकडेच हवी, तुमच्या साइटवर नको, असं मी का म्हणते? अपकमिंग नावाची कार्यक्रमांची एक लोकप्रिय साइट अँडी बायो यांनी २००३ मध्ये सुरू केली. २००५ मध्ये याहूने ती विकत घेतली आणि २०१३ मध्ये बंद केली. मूळ नोंदी मध्यवर्ती साइटवर असल्या की तिच्याबरोबर त्याही जातात. याउलट जॉन उडेल यांनी मायक्रोसॉफ्टमध्ये असताना 'एल्मसिटी' नावाचा प्रकल्प चालवला. तिथे गावातली शाळा, वाचनालय, संगीत क्लब हे आपापलं आयसीएस फीड द्यायचे आणि मधली साइट ती फीड फक्त एकत्र करायची. गावातला एक माणूस फीडची यादी सांभाळायचा, एकेक कार्यक्रम भरायचा नाही. तुमची भूमिका तीच असावी. चार संस्थांच्या चार लिंक सांभाळणं एका माणसाला जमतं. चारशे कार्यक्रम उतरवणं जमत नाही, हे तुम्ही अनुभवताच आहात.

गिर्यारोहण गटाकडे बहुधा कार्यक्रमांचा फॉर्म नसेल. त्यांना एक वेगळं गूगल कॅलेंडर उघडून द्या, ते सार्वजनिक करा आणि त्याच्या सेटिंगमधला 'सार्वजनिक पत्ता', आयकॅल प्रकारातला, घ्या. तिथेच जवळ 'गुप्त पत्ता' असतो. तो चुकून दिला गेला तर खाजगी कॅलेंडरही वाचता येतं, त्यामुळे दोनदा बघून कॉपी करा. आणि वर्णनात आयोजकांचा खाजगी मोबाइल नंबर लिहू देऊ नका. एकदा फीडमध्ये गेलेला नंबर पाच साइटवर आणि शेकडो फोनमध्ये जातो, तो परत घेता येत नाही. पोस्टरचं चित्र आणि लिहिलेला परिचय ज्याचा त्याचा असतो. ते इतर साइटवर वापरायला चालेल का, हे संस्थेला एकदा विचारून लिहून घ्या. ज्या संस्था फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर पोस्टर टाकतात, त्यांच्यापुरती मूळ नोंद तुमच्याकडे राहील. तिच्याखाली 'पोस्टरवरून घेतलेली' असं लिहा आणि कुठल्या तारखेला घेतली तेही.

तुम्ही विचारलंय की संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना हे पटवायचं कसं. 'फॉरमॅट', 'फीड' हे शब्द बैठकीत काढू नका. लॅपटॉप घेऊन जा. वाचनालयाच्या कॅलेंडरमध्ये 'चाचणी' नावाचा एक कार्यक्रम आधीच भरून ठेवा आणि तो तुमच्या साइटवर दिसतोय हे दाखवा. मग सचिवांनाच त्याची वेळ साडेसहाची सात करायला सांगा. तुमच्या साइटवर फाइल ताबडतोब घेण्याचं बटण घरूनच तयार करून न्या, फोनच्या भरवशावर राहू नका. बटण दाबा, सात वाजलेले दाखवा. मग त्यांना स्टेटस 'रद्द' करायला सांगा आणि पुन्हा बटण दाबा. गूगल कॅलेंडरमध्ये मात्र रद्द करायचं तर लोक नोंद पुसतात, तेव्हा तिथे नावाच्या आधी 'रद्द:' लिहायला लावा. त्या संस्थेचा एखादा रद्द झालेला प्रयोग सगळ्यांच्या लक्षात असतोच. तेव्हा दारातून परत गेलेल्या प्रेक्षकांचे किती फोन आले होते, ते त्या बैठकीत तुम्हाला सांगावं लागणार नाही.